लेखनाचे प्रशिक्षण : वक्ता नको, वह्या आणा

पत्र : मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत सोळा वर्षांपासून आठवी ते दहावीला मराठी शिकवते. आमच्या संस्थेच्या तालुक्यात चार शाळा आहेत आणि चारही शाळा मिळून मराठीचे नऊ शिक्षक आहोत. गेल्या वर्षी दहावीच्या सराव परीक्षेत मुलांचे उपयोजित लेखन अगदी एकसारखे आणि निर्जीव आले, म्हणून संस्थेने लेखन शिकवण्यावर एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यायचे ठरवले असून जबाबदारी माझ्यावर दिली आहे. एखाद्या नामवंत साहित्यिकाला बोलवावे, अशी अध्यक्षांची इच्छा आहे. मला मात्र शंका वाटते. बी.एड.ला मी पाठ टाचण काढायला शिकले, निबंधाचे मुद्दे फळ्यावर द्यायला शिकले. पण मूल लिहिते कसे होते, हे कोणी शिकवले नाही. शाळेचे अहवाल आणि सूत्रसंचालनाच्या संहिता सोडल्या, तर कित्येक वर्षांत मी स्वतः काहीच लिहिलेले नाही. एका वर्गात पासष्ट मुले आहेत. वह्या तपासून मान मोडते आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच चुका येतात. कोणाला बोलावू? की सर्वांनी मिळून एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि मग कारणे सांगते. साहित्यिकाला तूर्त बोलावू नका. ऑनलाइन अभ्यासक्रम ज्यांना करायचा असेल त्यांनी अवश्य करावा, परंतु या कामासाठी त्यावर विसंबू नका. संस्थेने देऊ केलेला एक दिवस मोडून त्याचे तुकडे मागून घ्या : जुलै ते फेब्रुवारी या काळात, दिवाळीचा महिना वगळून, दर महिन्याचा एक शनिवार, सकाळची शाळा सुटल्यानंतरचे अडीच-तीन तास. त्या वेळात तुम्ही नऊ जणांनी दोनच कामे करायची. एक, स्वतः लिहायचे. आणि दुसरे, मुलांच्या वह्या एकत्र बसून वाचायच्या. बाकी जे काही सुचेल ते या दोन कामांच्या पोटातून सुचू द्यावे.

साहित्यिकांच्या व्याख्यानाला माझा विरोध नाही. चांगला लेखक आपल्या लेखनाविषयी बोलू लागला की ऐकणाऱ्याचा दिवस सार्थकी लागतो, आणि मराठीच्या शिक्षकांना तो आनंद अधूनमधून मिळायलाच हवा. परंतु तो लेखक ज्याला लिहिल्यावाचून राहवत नाही अशा एकट्या माणसाविषयी सांगणार, आणि तुमचा प्रश्न ज्यांना लिहिण्याची इच्छाच अजून झालेली नाही अशा पासष्ट मुलांचा, चाळीस मिनिटांच्याही आत संपणाऱ्या तासिकेचा आणि मार्चमधल्या कृतिपत्रिकेचा, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेचा, आहे. शिवाय आपल्याकडे एक दिवसाचे प्रशिक्षण म्हटले की त्यातला किती वेळ दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, आभार आणि उपस्थितिपत्रकावरील सह्या यांत जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. उरलेल्या वेळात ऐकलेल्या चांगल्या गोष्टी सोमवारी वर्गात शिरताना आठवत नाहीत, यात शिक्षकाचा दोष नाही. ऐकलेली रीत वर्गात करून पाहणे, ती फसल्यावर कोणाशी तरी बोलणे आणि पुन्हा करून पाहणे, एवढा अवकाश एका दिवसात असूच शकत नाही.

हे केवळ माझे मत नाही. २००७ साली अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या वर्गांत झालेल्या लेखन-अध्यापनाच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. विचार जमवणे, कच्चा मसुदा करणे, तो दुसऱ्याला वाचून दाखवणे आणि पुन्हा लिहिणे अशा टप्प्यांनी लेखन शिकवण्याची जी पद्धत आज सर्वत्र सांगितली जाते, तिचा परिणाम त्यांनी दोन प्रकारच्या वर्गांत वेगवेगळा मोजला. शिक्षकांना त्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळालेले होते तेथे परिणामाचे माप ०.४६ आले, प्रशिक्षण नसताना हीच पद्धत वापरली गेली तेथे ते ०.०३ आले. या मापात शून्य म्हणजे काहीच फरक नाही आणि अर्ध्याच्या आसपास म्हणजे वर्गात जाणवेल असा मध्यम फरक. पद्धतीचे नाव तेच असूनही एके ठिकाणी मुले पुढे गेली आणि दुसरीकडे जवळजवळ जागेवरच राहिली. त्याच आढाव्यात लेखनापासून तोडून स्वतंत्रपणे शिकवलेल्या व्याकरणाचा लेखनाच्या दर्जावरील परिणाम उणे आला होता, आणि सारांश लिहायला पद्धतशीर शिकवण्याचा परिणाम ०.८२, म्हणजे सर्वांत वरच्या ओळीत होता. हे प्रयोग इंग्रजीतल्या लेखनाविषयीचे आहेत. त्यांतले आकडे मराठीला जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल. पण दिशा स्पष्ट आहे, आणि सारांशाच्या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे, कारण तो तुमच्या हातात आयता आलेला आहे.

आपल्या मातीतला पुरावाही आहे. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून काही वर्षे कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा या भागांत पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा अभ्यास झाला. त्या वर्गांमध्ये लेखन या नावाखाली प्रामुख्याने फळ्यावरचे किंवा पुस्तकातले उतरवून काढणे आणि श्रुतलेखन चालत होते. मुलाने स्वतःच्या मनातले काही लिहावे, अशी वेळ क्वचितच येत होती. असे शिकून आलेली मुले आठवीत तुमच्या हाती येतात आणि आपण त्यांना एकदम ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असे सांगतो. त्यांनी गाइडमधले शब्द आणले तर नवल ते काय? लिहिणे म्हणजे कोठून तरी उतरवणे, हीच समजूत शाळेने त्यांच्या ठिकाणी वर्षानुवर्षे घट्ट केलेली असते. आणि अप्रिय वाटले तरी हेही म्हटले पाहिजे की तुम्ही-आम्ही शिक्षकही त्याच शाळांतून शिकलो. बी.एड.च्या एका वर्षाने किंवा दोन वर्षांनी ती समजूत पुसली जात नाही. ती पुसण्यासाठी पुन्हा लिहायलाच बसावे लागते.

हा विचार ज्यांनी प्रथम नीट अमलात आणला, त्यांची हकिकत तुम्हाला उपयोगी पडेल. १९७४ च्या उन्हाळ्यात, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, पूर्वी स्वतः हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलेल्या जेम्स ग्रे यांनी आसपासच्या शाळांतील पंचवीस शिक्षकांना पाच आठवडे एकत्र आणले. विद्यापीठात येणाऱ्या मुलांना लिहिता येत नाही, अशी ओरड तेव्हा जोरात होती, आणि अशा वेळी विद्यापीठाने तज्ज्ञ पाठवून शाळांना सुधारावे, हा नेहमीचा रस्ता होता. ग्रे यांनी तो घेतला नाही. त्या उन्हाळ्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात जमलेली एक रीत इतरांना करून दाखवली, आणि ज्यांना ती दाखवली ते श्रोते म्हणून बसून न राहता विद्यार्थ्यांप्रमाणे ती स्वतः करून पाहत होते. उरलेल्या वेळात सर्व जण लिहीत, आणि लहान गटांत एकमेकांना वाचून दाखवत. शिक्षकांचे उत्तम शिक्षक म्हणजे दुसरे शिक्षक आणि लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, या दोन गृहीतकांवर उभे राहिलेले हे काम पुढे राष्ट्रीय लेखन प्रकल्प या नावाने अमेरिकाभर पसरले.

मात्र एक इशारा देते. ‘शिक्षकांनी लिहिले पाहिजे’ हे वाक्य इतके देखणे आहे की लोक तेवढ्यावरच थांबतात. कवितावाचनाचा छान कार्यक्रम होतो आणि मुलांच्या वह्या आहेत तशाच राहतात. याच प्रकल्पाने पुढे दहा राज्यांतील ४४ ग्रामीण शालेय जिल्ह्यांत सातवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी एक कार्यक्रम राबवला. त्याची यदृच्छ पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, गट पाडून काटेकोर चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. वर्षाला ४५ तास याप्रमाणे दोन वर्षे चाललेल्या त्या कामानंतर मुलांच्या वैचारिक लेखनात आशय, मांडणी आणि भूमिका या तिन्ही बाबतींत सुधारणा दिसली. परंतु त्या ४५ तासांत वर्गात चालवायचे नेमके पाठ होते, आणि मुलांचे लेखन समोर ठेवून ‘या मुलाला आता पुढे काय शिकवायचे?’ या प्रश्नावर चर्चा होती. म्हणूनच मी सुरुवातीला दोन कामे सांगितली. पहिल्यावाचून दुसरे कोरडे होते आणि दुसऱ्यावाचून पहिले हौसेचे होते.

शिक्षकाने आपल्या वर्गाविषयी लिहावे, ही कल्पना आपल्याला अपरिचितही नाही. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी चालवलेल्या बालशिक्षणाच्या कामातून शिक्षणपत्रिका हे नियतकालिक निघाले. त्याची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सांभाळली. बोर्डी आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जे केले, ते आपल्याला आज माहीत आहे त्याचे एक कारण हेच की त्यांनी ते लिहूनही ठेवले. आपल्याकडे खंड पडला तो मधल्या काळात, शिक्षकाचे लेखन म्हणजे माहिती भरणे असे होत गेले तेव्हा.

आता पहिल्या शनिवारी नेमके काय करायचे, ते सांगते. गेल्या वर्षीच्या दहावीच्या कृतिपत्रिकेतील प्रसंगलेखनाचा किंवा आत्मकथनाचा आठ गुणांचा प्रश्न घ्या, घड्याळ लावा आणि मुलांना जेवढा वेळ मिळतो तेवढ्याच वेळात नऊच्या नऊ जणांनी तो लिहा. बोलायचे नाही, कोणी फिरून पाहायचे नाही. मुख्याध्यापक आले तर त्यांनीही लिहावे. लिहायचे नसेल तर त्या दिवशी येऊ नये, ही अट त्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवा. लिहिताना स्वतःवर लक्ष ठेवा : पहिले वाक्य किती वेळ सुचले नाही, कोठे खोडले, कोठे ठरीव वाक्य आपोआप हाताला आले, कोठे लिहिण्याचा कंटाळा आला आणि कोठे अचानक काहीतरी खरे आठवून पेन धावू लागले. मग तिघातिघांच्या गटात वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांनी प्रथम फक्त एवढेच सांगायचे की काय मनात राहिले. त्यानंतर जे अधिक ऐकावेसे वाटले त्याविषयी एखादा प्रश्न विचारायचा. ‘छान’ म्हणायचे नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाविषयी त्या दिवशी एक अक्षर काढायचे नाही.

हे ऐकायला सोपे आणि करायला अवघड आहे. वीस-पंचवीस वर्षे मुलांना गुण देणाऱ्या माणसाला आपला कच्चा मजकूर सहकाऱ्यापुढे वाचताना संकोच वाटतो, आणि जितकी ज्येष्ठता अधिक तितका तो संकोच मोठा असतो. एखादे सर ‘माझा घसा बसलाय’ म्हणतील. त्यांना आग्रह करू नका. त्यांना ऐकू द्या. बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीत घसा सुटतो. तुम्ही स्वतः मात्र पहिल्यांदा वाचा, आणि मुद्दाम चांगले लिहून आणलेले वाचू नका. गेल्या कित्येक वर्षांत तुम्ही काही लिहिलेले नाही, याची तुम्हाला खंत वाटते. या कामापुरता तो अडथळा नाही. अस्खलित लिहिणाऱ्याला मूल कोठे अडते, हे विसरायला झालेले असते. तुम्ही अडाल, आणि कोठे अडलात ते तुम्हाला नेमके सांगता येईल.

त्या अडीच तासांच्या शेवटी एक चर्चा हमखास होईल, ती होऊ द्या. आपण फळ्यावर जे मुद्दे देतो ते लिहिताना कोणाच्या कामी आले? बहुतेकांच्या लक्षात येईल की ‘पावसाळ्याचे आगमन, निसर्गातील बदल, फायदे, तोटे, समारोप’ या मुद्द्यांनी लिहायला मदत होण्याऐवजी आठवायचेच काही कारण उरत नाही. तुमच्या जिल्ह्यात माण-खटावकडचे मूल ज्या पावसाची वाट पाहते आणि महाबळेश्वर-पाटणकडचे मूल ज्या पावसात महिनोन्‌महिने शाळेत येते, ते दोन पाऊस एका मुद्देसूद यादीत बसतच नाहीत. तरीही दोघांच्या वहीत तोच मोर नाचतो आणि तेच इंद्रधनुष्य उगवते, कारण यादी एकच होती. मुद्द्यांच्या जागी मुलाला दोन प्रश्न विचारले (त्या दिवशी तू नेमका कोठे होतास, आणि तुझ्याबरोबर कोण होते?) तर काय होते, हे पुढच्या महिन्यात प्रत्येकाने एका तुकडीत पाहून यावे.

दुसऱ्या बैठकीपासून वह्या आणा. एकाच मुलाच्या लेखनाची, नाव झाकून, प्रत्येकासाठी छायाप्रत काढा आणि सर्वांनी एकमेकांना न दाखवता आठपैकी गुण द्या. मग ते फळ्यावर लिहा. त्यांत जो फरक पडेल तो पाहून खोलीत शांतता पसरेल किंवा हशा पिकेल, दोन्ही चांगले. कोणाचे गुण बरोबर, या वादात मात्र शिरू नका. साडेसहा देणाऱ्याने काय पाहिले आणि तीन देणाऱ्याने काय पाहिले, एवढेच विचारा. एकाने अक्षर आणि शुद्धलेखन पाहिलेले असते, दुसऱ्याने म्हण-सुभाषितांची पेरणी, तिसऱ्याने त्या लेखनातला एकुलता एक खरा तपशील. मुलांना मात्र वर्षानुवर्षे यातले काहीच कळलेले नसते. त्यांच्या वहीत केवळ ‘सुधारणा हवी’ असते.

चुकांविषयी तुम्ही लिहिले आहे की त्याच त्या पुन्हा येतात. येथे मला लेखनाच्या शिक्षिका मिना शॉनेसी यांची आठवण होते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७० मध्ये प्रवेश सर्वांना खुला केला आणि ज्यांना धड लिहिता येत नाही असे म्हटले जाई अशी मुले तेथे आली. शॉनेसी यांनी अशा विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध वाचले आणि चुका मोजण्याऐवजी त्यांमागची कारणमीमांसा शोधली. या चुका बेफिकिरीतून आलेल्या नाहीत, त्यांना त्यांची स्वतःची संगती आहे आणि ती संगती कळली तर शिकवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीत हे करून पाहणे सोपे आहे. एखाद्या मुलीच्या वहीत ‘दूधात’, ‘फूलांचा’, ‘मूलांना’, ‘वकीलाने’ अशा सात-आठ चुका सापडल्या तर प्रत्येकीला तांबडे वर्तुळ करण्याआधी त्या एका ओळीत लिहून पाहा. ही मुलगी मूळ शब्द अचूक लिहिते आहे. ‘दूध’ दीर्घ, ‘फूल’ दीर्घ, हे तिला पक्के ठाऊक आहे आणि ते ज्ञान ती प्रत्यय लागल्यावरही इमानाने जपते आहे. तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ इकार-उकार प्रत्यय लागताना (सामान्यरूपात) ऱ्हस्व होतो, हा एक नियम तिला हवा आहे. तो कळला की आठ वर्तुळांऐवजी एक ओळ पुरते. दुसऱ्या मुलाच्या वहीत ‘व्हतं’, ‘मंग’, ‘आन’ असेल, तर ती मुळात वेगळी गोष्ट आहे : तो घरची भाषा जशी ऐकली तशी लिहितो आहे, त्याचा कान उत्तम आहे, आणि कथेतल्या संवादात ते शब्द शोभतील, अर्जात चालणार नाहीत, हे त्याला समजावून सांगायचे आहे. या दोघांना एकाच शेऱ्याने ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असे सांगितल्याने दोघांनाही काही मिळत नाही. नऊ शिक्षकांनी मिळून वीस वह्यांतल्या चुका अशा गटांत लावल्या, तर मला खात्री आहे की चार-पाच गटांतच बहुतेक चुका बसतील आणि वर्षभराचे शुद्धलेखनाचे पाठ त्यातूनच ठरतील.

तपासण्याचे ओझे हा तुमच्या पत्रातला सर्वांत खरा भाग आहे आणि त्यावर उपाय केल्याशिवाय बाकी सल्ला व्यर्थ आहे. पासष्ट मुलांचे प्रत्येक लेखन ओळन्‌ओळ तपासणे अशक्य आहे. ते तुम्ही करत असाल तर थांबवा. वर्षात बारा निबंध वरवर तपासण्यापेक्षा पाच लेखने दोनदा लिहून घ्या. पहिला मसुदा शेजारच्या मुलाने वर सांगितलेल्या रीतीने ऐकायचा, तुम्ही त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यात तुम्ही आधी जाहीर केलेली एकच गोष्ट पाहायची. कधी सुरुवात, कधी उपान्त्य अक्षरे, कधी परिच्छेद. पालक म्हणतील, ‘बाईंनी चुका सोडून दिल्या.’ त्यांच्यासाठी वहीच्या वरच्या कोपऱ्यात ‘या वेळी पाहिले : परिच्छेद’ असे लिहायची सवय ठेवा. मुख्याध्यापकांना आणि वह्या पाहायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनाही हे आधी सांगून ठेवावे लागेल, आणि ते एकट्या तुम्ही सांगण्यापेक्षा नऊ जणांनी सह्या करून सांगितलेले चांगले.

सारांशाकडे वळते. दहावीच्या कुमारभारतीच्या (मराठीच्या पेपराच्या) ८० गुणांपैकी २४ गुण उपयोजित लेखनाचे आहेत. त्यांत पत्राला पर्याय म्हणून सहा गुणांचे सारांशलेखन असते : पहिल्या विभागातील अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत. बहुतेक वर्गांत ते ‘पत्र येत नसेल तर सारांश लिहा’ इतक्यावर उरकले जाते, आणि मुले उताऱ्यातल्या तीन वाक्यांतले एक उचलून ठेवतात. ज्या कौशल्याचा परिणाम ग्रॅहम-पेरिन यांच्या आढाव्यात सर्वांत वरच्या ओळीत होता ते आपल्या परीक्षेतच पडून आहे. आठवीपासून, इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकातले परिच्छेद घेऊन, उतारा झाकून त्याचा सारांश लिहायला लावा. झाकलेल्या उताऱ्यातून वाक्य उचलता येत नाही. त्याबरोबर वाक्ये जोडण्याचा सराव द्या. ‘पाऊस आला. आम्ही गोठ्यात पळालो. गोठ्यात म्हैस होती. म्हैस बिथरली.’ ही चार वाक्ये फळ्यावर लिहून प्रत्येकाने ती एका किंवा दोन वाक्यांत बसवायची. ‘पाऊस आला म्हणून आम्ही गोठ्यात पळालो, तर आत बांधलेली म्हैसच बिथरली’ हे एखादे मूल म्हणेल आणि त्या ‘तर’ने काय केले, यावर दहा मिनिटे सहज जातील. या दोन गोष्टी परीक्षेच्या विरोधात जात नाहीत, त्यामुळे निकालाच्या काळजीने कोणी अडवणार नाही. दहावीच्या वर्गात मात्र नवे प्रयोग नकोत. आठवीत सुरू करा.

प्रत्येक महिन्याला नऊ जणांनी एकच नवी गोष्ट करून पाहायची आणि पुढच्या शनिवारी तीन वह्या आणायच्या : एक बरी, एक मधली आणि एक अशी की जिच्यापुढे काय करावे हे सुचलेले नाही. तिसरी वही सर्वांत महत्त्वाची आहे आणि लोक नेमकी तीच आणायला लाजतात. फजितीही सांगायची मुभा राहावी, म्हणून या बैठकांचे इतिवृत्त लिहू नका, छायाचित्रे काढून कोणत्याही गटावर टाकू नका आणि कोणाच्या कामगिरीच्या नोंदीशी त्यांचा संबंध जोडू देऊ नका. तारीख, हजेरी आणि चर्चेचा विषय एवढी एक ओळ संस्थेला पुरेशी आहे.

अध्यक्षांना कसे पटवायचे, हा प्रश्न राहतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे, ते शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीने ठरावेत असेही म्हटले आहे, आणि स्थानिक पातळीवरील कार्यशाळांचा त्यात उल्लेख केला आहे. ऑनलाइन मोड्यूल हा त्यांतला एक मार्ग आहे. केंद्र सरकारच्या दीक्षा या संकेतस्थळावरचे आणि निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमातले अभ्यासक्रम ज्याला करायचे आहेत तो तासांची पूर्तता म्हणून करील; पडद्यावरचा अभ्यासक्रम तुमच्या आठवी ‘ब’मधल्या वहीविषयी काही सांगू शकत नाही. सात शनिवारांचे मिळून वीसेक तास होतात. त्यांची नोंद अधिकृतपणे धरली जावी म्हणून मुख्याध्यापकांमार्फत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला जूनमध्येच पत्र द्या. उत्तर उशिरा आले तरी बैठका थांबवू नका.

साहित्यिकांना बोलवायची अध्यक्षांची इच्छा आहे, तीही पूर्ण करा, पण जानेवारीत. तोपर्यंत तुम्ही नऊ जणांनी सहा महिने लिहिलेले असेल आणि विचारायला प्रश्न असतील. निमंत्रण देताना भाषण मागू नका. त्यांच्या एखाद्या छापील पानाचे आधीचे हस्तलिखित, खाडाखोडीसह, घेऊन या अशी विनंती करा. आठवीच्या काही मुलांनाही त्या दिवशी बसवा.

अध्यक्षांसाठी आणखी एक गोष्ट आत्ताच करून ठेवा, कारण ती नंतर करता येत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चारही शाळांतील आठवीच्या मुलांकडून एकाच विषयावर अर्धा तास लिहून घ्या, तपासू नका, तारीख टाकून कपाटात ठेवा. फेब्रुवारीत तशाच दुसऱ्या विषयावर पुन्हा लिहून घ्या. दोन्ही गठ्ठे एकत्र मिसळून, नावे आणि तारखा झाकून, नऊ जणांनी वाचा. त्यांतून जे दिसेल ते, अनुकूल असो वा प्रतिकूल, पुढच्या वर्षीचे शनिवार मागताना अध्यक्षांपुढे ठेवा.